जाहिरातस्नेही आशयाचे नियम

ऑनलाइन मंचावरील कोणत्या व्हिडिओला जाहिरात मिळेल हे ठरवणारे नियम. व्हिडिओ काढून टाकण्याचे नियम वेगळे. इथे व्हिडिओ जागेवरच राहतो, त्याची कमाई तेवढी आटते. यूट्यूबवर चॅनलवाल्याला हे डॉलरच्या खुणेवरून कळते. हिरवा डॉलर म्हणजे जाहिराती सुरू, पिवळा म्हणजे मोजक्या किंवा अजिबात नाहीत.

यूट्यूबने २००७ मध्ये चॅनलवाल्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा द्यायला सुरुवात केली. नेहमीच्या मोठ्या व्हिडिओंसाठी आज तो ५५ टक्के आहे. २०१७ मध्ये दहशतवादी व्हिडिओंवर नामांकित कंपन्यांच्या जाहिराती दिसतात असे लंडनच्या ‘द टाइम्स’ने छापले आणि बड्या जाहिरातदारांनी हात आखडता घेतला. द्वेषाशेजारी आपले नाव नको, हे त्यांचे म्हणणे रास्तच होते. पण पुढे नियम आवळले गेले ते सगळ्यांसाठीच. जानेवारी २०१८ मध्ये हा वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाण्याची अट आली. फटका लहान चॅनलना बसला.

कोल्हापुरात अडचण भाषेपासूनच सुरू होते. इथल्या रांगड्या बोलीत ‘रांडेच्या’ ही जिवलग मित्राला मारलेली हाकही असते. त्यातला जिव्हाळा व्हिडिओ तपासणाऱ्या यंत्राला कसा कळणार? मग कमाई जाऊ नये म्हणून एडिट करतानाच शब्दावर बीप पडतो आणि बोलणाऱ्याचे कोल्हापूरपण तिथेच संपते. बातमीचे नुकसान याहून मोठे. २०१९ च्या महापुरात गोठ्यात मेलेली जनावरे दाखवणे हे पत्रकाराचे कामच होते. जाहिरातीच्या नियमांत मात्र अशी दृश्ये ‘धक्कादायक आशय’ ठरू शकतात. ‘आत्महत्या’ हा शब्दही अनेक जण मधले अक्षर गाळून लिहितात.

याच शहरातल्या बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’ (१९२०) या मूकपटातला कीचकवध सेन्सॉरने कापायला लावला होता. तेव्हा कात्री सरकारी होती. आज चॅनलवाला ती स्वतःच चालवतो, म्हणून कापलेले कुणाला दिसतही नाही. घटनेचे कलम १९(१)(अ) अभिव्यक्तिस्वातंत्र्याला मुख्यतः सरकारपासून संरक्षण देते; खासगी कंपनीच्या जाहिरात धोरणाविरुद्ध त्याचा फारसा आधार मिळत नाही. पिवळ्या डॉलरवर माणसाकडून फेरतपासणी मागता येते. मात्र बातमीचा व्हिडिओ पाहिला जातो तो पहिल्या एक-दोन दिवसांतच, आणि तेवढ्या वेळात बुडालेली जाहिरातीची कमाई नंतर डॉलर हिरवा झाला तरी परत येत नाही.