रिफ्रेश म्हणजे साफसफाई नव्हे

कॉम्प्युटर सुरू झाला की डेस्कटॉपवर राइट-क्लिक करून चार-पाचदा ‘रिफ्रेश’ दाबायचं, ही सवय सायबर कॅफेपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत सगळीकडे दिसते. त्यामुळे रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, मोकळी होते आणि मशीन पळू लागतं, अशी समजूत. प्रत्यक्षात ही आज्ञा डेस्कटॉपवरच्या फायलींची यादी नव्याने वाचते आणि आयकॉन पुन्हा काढते, एवढंच. नुकतीच कॉपी केलेली फाइल दिसत नसेल तर तिचा उपयोग आहे, वेगाशी संबंध नाही. ‘रॅम बूस्टर’ नावाची ॲप्स याच समजुतीवर जगतात. ती न घेतलेलीच बरी.

‘रिफ्रेश’ हा शब्द चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘री’ म्हणजे पुन्हा. ‘फ्रेश’ मूळचा जर्मानिक, आणि जुन्या इंग्रजीत त्याचं रूप खारट नसलेल्या, गोड्या पाण्यासाठी वापरत. रॅममध्ये खरंखुरं रिफ्रेश अखंड चालू असतं, पण तिथे काहीही पुसलं जात नाही. जे लिहिलेलं आहे तेच पुन्हा ठळक केलं जातं.

याचं कारण रॅमच्या रचनेत आहे. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये सुचवलेल्या आणि १९६८ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत एका बिटसाठी, म्हणजे एका ० किंवा १ साठी, एकच ट्रान्झिस्टर (विजेचं इवलंसं दार) आणि एकच कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) लागतो; या जोडीला पेशी म्हणतात. कपॅसिटर भरलेला असेल तर १, रिकामा असेल तर ०. जागा कमी लागते म्हणून ही रॅम स्वस्त; पण कपॅसिटरमधला भार गळतो. कपॅसिटरची क्षमता २० फेम्टोफॅरड (भार साठवण्याच्या क्षमतेचं अतिसूक्ष्म एकक) आणि विद्युतदाब १.२ व्होल्ट धरला, तर त्यात जेमतेम दीड लाख इलेक्ट्रॉनांइतका भार मावतो.

आता वाचन कसं होतं ते पाहू. पेशी ज्या तारेला जोडलेली असते ती बिटलाइन आधी निम्म्या दाबावर, म्हणजे ०.६ व्होल्टवर आणून ठेवतात. पेशी ओळींत मांडलेल्या असतात; मग एका ओळीची वर्डलाइन, म्हणजे तिची दारं उघडणारी तार, चालू केली की त्या ओळीतले सगळे ट्रान्झिस्टर एकदम उघडतात आणि पेशीतला भार बिटलाइनवर पसरतो. बिटलाइनची क्षमता १०० फेम्टोफॅरड असेल, तर दाब फक्त ०.१ व्होल्टने वर किंवा खाली सरकतो. शिवाय पेशीतला मूळ भार या वाटणीत बिघडतो, म्हणजे वाचलं की लिहिलेलं मोडलं. इथे सेन्स ॲम्प्लिफायर, म्हणजे हा फरक ओळखून वाढवणारं सर्किट, कामाला येतो. त्यातले एकमेकांना उलटे जोडलेले दोन इन्व्हर्टर (१ चा ० आणि ० चा १ करणारी सर्किटं) तो इवलासा फरक ओढून पूर्ण १.२ किंवा शून्य व्होल्टवर नेतात. वर्डलाइन अजून उघडीच असल्याने तो पूर्ण दाब पेशीत परत भरला जातो. रिफ्रेश म्हणजे हेच वाचन, फक्त उत्तर प्रोसेसरकडे न पाठवता.

डीडीआर-४ या प्रकारच्या रॅममध्ये ८५ अंश सेल्सिअसपर्यंत प्रत्येक ओळीला ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी ही पाळी मिळावी लागते. त्याहून गरम झालं की ३२ मध्ये, कारण उष्णतेने गळती वाढते. या मुदतीत ८१९२ आज्ञा, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक. ८ गिगाबिटच्या चिपला एका आज्ञेसाठी ३५० नॅनोसेकंद लागतात. तेवढा वेळ तिच्याकडून डेटा मिळत नाही. एकूण वेळाचा साडेचार टक्के भाग यातच जातो.

६४ मिलिसेकंद ही मुदत सर्वांत दुबळ्या पेशीसाठी आहे; बऱ्याच पेशी कितीतरी जास्त टिकतात. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी चिप उणे ५० अंशांपर्यंत गार करून वीज तोडली, तर दहा मिनिटांनंतरही जवळपास सगळा डेटा, त्यात डेटा कुलूपबंद करणाऱ्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्यासुद्धा, वाचता आला. उलटंही घडतं. एकच ओळ दोन रिफ्रेशच्या मधल्या वेळात हजारो वेळा उघडली, तर शेजारच्या ओळीतले बिट उलटू शकतात. हा ‘रोहॅमर’ दोष २०१४ मध्ये मांडला गेला.

झाकण मिटून स्लीपमध्ये ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी उतरते, त्यात या कामाचाही वाटा असतो: प्रोसेसर झोपला तरी चिप स्वतःच्या घड्याळावर सेल्फ-रिफ्रेश करत राहते. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून वीज बंद होते. लॅपटॉप दोन-तीन दिवस उघडायचा नसेल, तर हायबरनेटच वापरावं.