वर्गात सर्जनशीलता आणि उद्यमशीलता : एका मागणीची पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांना सर्जनशील आणि उद्यमशील विचार शिकवावा, अशी अपेक्षा आज बहुतेक शैक्षणिक धोरणांमध्ये व्यक्त होते. दोन्ही गोष्टींचा उल्लेख नेहमी जोडीने होत असल्यामुळे त्या मुळापासून एकत्र असाव्यात असा समज होतो. प्रत्यक्षात पहिली मानसशास्त्रातून आली आणि दुसरी अर्थशास्त्रातून. त्यांची गाठ फार उशिरा पडली. शिवाय दोन्ही शाळेत शिरल्या त्या मुलांची गरज कोणी ओळखली म्हणून नव्हे, तर शाळेबाहेर काही अडले म्हणून. आजही या विषयाच्या अध्यापनात जी ओढाताण दिसते, तिचे मूळ बऱ्याच अंशी याच इतिहासात आहे.

अर्थशास्त्रात उद्योजकाला स्वतंत्र स्थान मिळाले ते अठराव्या शतकात. रिचर्ड कँटिलॉन यांच्या मृत्यूनंतर, १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात उद्योजक म्हणजे ठरलेल्या किमतीला खरेदी करून अनिश्चित किमतीला विकणारा, म्हणजेच अनिश्चितता अंगावर घेणारा माणूस, असे वर्णन आढळते. जोसेफ शुंपीटर यांनी १९११ मध्ये त्याला नवतेचा कर्ता मानले : जुन्याच साधनांची नवी जुळणी करून तो प्रस्थापित घडी विस्कटतो. मात्र हा माणूस त्यांच्या लेखी विरळा होता. त्याला वर्गात घडवता येईल, असा त्यांचा दावा नव्हता.

तो प्रयत्न प्रथम व्यवहारी मंडळींनी केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथे १९१९ मध्ये ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ ही संस्था उद्योगपतींच्या पुढाकाराने सुरू झाली. शेतीवर वाढलेली मुले औद्योगिक शहरांकडे वळत होती आणि त्यांना तिथल्या कामाची ओळख करून देणे हा हेतू होता. पुढे या संस्थेची ओळख ठरलेली पद्धत साधी होती : मुलांनी छोटी कंपनी काढायची, भाग विकून भांडवल उभे करायचे, एखादी वस्तू तयार करून विकायची आणि अखेरीस हिशेब मिटवून कंपनी बंद करायची. आज जगभर शाळांमधून चालणाऱ्या ‘विद्यार्थी कंपनी’चे हेच मूळ रूप. विद्यापीठीय पातळीवर पहिला अभ्यासक्रम म्हणून १९४७ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये माइल्स मेस यांनी सुरू केलेल्या वर्गाचा उल्लेख केला जातो. त्याच्या १८८ विद्यार्थ्यांमध्ये युद्धावरून परतलेल्यांचा भरणा होता. त्यांच्यासाठी अर्थव्यवस्थेत जागा शोधायची होती.

सर्जनशीलतेची कथा वेगळी आहे. खेळातून आणि हाताने काही घडवण्यातून मूल शिकते, हे बालवाडीचे जनक मानले जाणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडले होते आणि अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागोत प्रायोगिक शाळा काढून ते आचरणातही आणले. परंतु त्या परंपरेत सर्जनशीलता हा सुटा काढून मोजायचा गुण नव्हता. ते वळण दुसऱ्या महायुद्धानंतर आले. युद्धकाळात विमानदलासाठी चाचण्यांचे काम केलेले मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात एक हिशेब मांडला : आधीच्या २३ वर्षांत मानसशास्त्रीय लेखनाच्या सारसूचीत (प्रसिद्ध संशोधनाचे सारांश नोंदवणाऱ्या सूचीत) नोंदलेल्या सुमारे १,२१,००० शीर्षकांपैकी केवळ १८६ सर्जनशीलतेशी संबंधित होती. शिक्षण आणि सर्जनशील निर्मिती यांचा परस्परसंबंध इतका क्षीण का दिसतो, हा त्यांचा दुसरा प्रश्न शाळांना अधिक झोंबणारा होता. एकच बरोबर उत्तर शोधणाऱ्या विचाराशेजारी त्यांनी अनेक उत्तरांकडे फाकणारा विचार ठेवला आणि तो तपासण्यासाठी विटेचे किती उपयोग सुचतात, यांसारखे प्रश्न रूढ केले.

हा विषय अभ्यासकांच्या वर्तुळापुरताच राहिलाही असता. पण ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि आपल्या शाळा कुठे कमी पडल्या, या चिंतेने अमेरिकेला घेरले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. शिक्षणाच्या कायद्याच्या नावात ‘संरक्षण’ हा शब्द असावा, यातच सारे आले. याच वातावरणात ई. पॉल टॉरन्स यांचे मुलांवरील दीर्घकालीन संशोधन आकाराला आले आणि १९६६ मध्ये त्यांच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. किती कल्पना सुचल्या, त्या किती वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत, किती अनपेक्षित आहेत आणि किती तपशिलात फुलवल्या आहेत, यांवर गुण दिले जाऊ लागले. सर्जनशीलता अशा रीतीने गुणपत्रिकेच्या भाषेत आली आणि म्हणूनच शाळांना ती स्वीकारणे सोपे गेले. तिचे मोल आणि तिची मर्यादा दोन्ही त्यातच आहेत.

दरम्यान जाहिरातक्षेत्रातील ॲलेक्स ऑस्बर्न यांनी ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ लोकप्रिय केले होते : गटाने बसावे, मनात येईल ते बोलावे, टीका नंतर करावी. येल विद्यापीठातील संशोधकांनी १९५८ मध्ये असे दाखवले की एकेकट्याने काम करणाऱ्या तितक्याच माणसांच्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या गटापेक्षा संख्येने जास्त भरतात. तरीही वर्गावर्गातून ही पद्धत टिकली; गट पाडणे शिक्षकाला सोयीचे असते, हेही त्याचे एक कारण असावे.

याहून मूलभूत अडचण १९७३ मधील एका प्रयोगाने दाखवली. स्केचपेनने चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांचे मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला चित्राबद्दल सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधीच सांगितले. दुसऱ्याला ते अचानक दिले. तिसऱ्याला दिलेच नाही. काही दिवसांनी तेच पेन वर्गात मोकळे ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या अपेक्षेने चित्रे काढलेली मुले त्यांच्याकडे इतरांच्या तुलनेत साधारण निम्माच वेळ वळली. पुढे टेरेसा अमाबिले यांनी आंतरिक प्रेरणा आणि सर्जनशीलता यांचा संबंध विस्ताराने तपासला. गुण आणि स्पर्धा यांवर उभ्या असलेल्या व्यवस्थेत हा विषय कसा शिकवायचा, हा पेच तेव्हापासून तसाच आहे.

उद्यमशीलता शिकवता येते का, या प्रश्नाला १९६० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी हात घातला. माणसातील सिद्धिप्रेरणा, म्हणजे काही साध्य करून दाखवण्याची ओढ, प्रशिक्षणाने वाढवता येते, हे पडताळण्यासाठी त्यांनी आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील व्यावसायिकांची निवड केली. हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत शिकून गेलेले हे लोक प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा व्यवसायात अधिक हालचाल करताना दिसले. हे सर्व प्रौढ आणि आधीपासून धंद्यात असलेले लोक होते, ही गोष्ट मात्र पुढे शाळांसाठी या प्रयोगाचा दाखला देताना अनेकदा विसरली गेली.

पुढे युरोपात तरुणांची बेकारी वाढली आणि नोकरी मिळणार नसेल तर ती निर्माण करायला शिकवा, हा विचार बळावला. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये केन रॉबिन्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सर्जनशीलतेचा आग्रह धरला, तर युरोपीय संघाने २००६ मध्ये पुढाकार व उद्यमशीलता यांना आठ मूलभूत क्षमतांमध्ये स्थान दिले. संघाच्याच २०१६ च्या आराखड्यात उद्यमशीलतेच्या १५ क्षमता सांगितल्या गेल्या आणि त्यांत सर्जनशीलतेचाही समावेश झाला. दोन्ही प्रवाह कागदावर एक झाले ते इथे. या आराखड्याने उद्यमशीलतेची व्याप्ती नफ्यापुरती न ठेवता सांस्कृतिक आणि सामाजिक मूल्यनिर्मितीपर्यंत नेली, हे त्याचे खरे योगदान म्हणावे लागेल.

परिणामांचा पुरावा मात्र संमिश्र आहे. नेदरलँड्समधील व्यावसायिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थी कंपनीच्या उपक्रमाने कौशल्यांत अपेक्षित वाढ झाली नाही, उलट उद्योजक होण्याची इच्छा कमी झाली. हे सरसकट अपयश मानणे घाईचे ठरेल. धंदा आपल्याला मानवणार नाही हे विद्यार्थिदशेतच कळणे, हीदेखील एक प्राप्ती आहे. याउलट टोगो या देशातील १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, हिशेब आणि विपणन यांच्या नेहमीच्या प्रशिक्षणाचा नफ्यावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. पुढाकार घेणे, संधी हेरणे, अडथळ्यांपुढे टिकून राहणे यांवर भर देणाऱ्या प्रशिक्षणाने मात्र नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. अभ्यासक्रम आखणाऱ्यांना यातून मिळणारा संकेत स्पष्ट आहे, जरी तो पुन्हा प्रौढांकडूनच आलेला असला तरी.

‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०२२ च्या फेरीत १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची सर्जनशील विचारक्षमता प्रथमच मोजली. ६० पैकी ४१ गुणांच्या सरासरीसह सिंगापूर पहिले आले. चाचणीत कल्पना सुचवणे, त्या पारखणे आणि सुधारणे यांचा विचार होतो. पण एखादी कल्पना घेऊन महिनोन्‌महिने तिच्याशी झटणे, ती फसल्यावर दुसरी वाट काढणे, हे काही तासांच्या परीक्षेत मावत नाही आणि त्यासाठी वेळापत्रकात जागा कोठून काढायची, हे अद्याप ज्या त्या शाळेवर सोपवलेले आहे.