निजामशहाने स्वतःच्याच गावाला वेढा घातला?

“१५७० साली मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला.” हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता ते दिसलं तरी चिडचिड होते. अहो, चौल त्याचंच होतं! स्वतःच्या गावाला कोण कशाला वेढा घालेल?

रेवदंडा बहुतेकांनी पाहिलेला असतो. अलिबागहून अक्षी, नागाव, चौल मागे टाकलं की रस्ता थेट तटबंदी कापून आत शिरतो. आत माडांची दाटी, सातखणी मनोरा आणि पलीकडे समुद्र. चौल त्याच्या अलीकडचं, चालत जाता येईल इतक्या अंतरावरचं.

घोळ नावाचा आहे. पोर्तुगीज कागदांत ‘चौल’ म्हणजे बहुतेक वेळा आजचा रेवदंडा. ते स्वतः ‘वरचं चौल’ आणि ‘खालचं चौल’ असा फरक करायचे, पण आपल्याकडे उतरवून घेताना ‘वरचं’, ‘खालचं’ गळून गेलं. वरचं चौल हे खरं जुनं बंदर. टॉलेमीचं सिमुल्ला, कान्हेरीच्या लेखांतलं चेमुल आणि अरबांचं सैमूर म्हणजे हेच. सोळाव्या शतकात ते अहमदनगरच्या निजामशाहीकडे होतं. खालचं चौल खाडीच्या तोंडाशी. तिथे पोर्तुगीजांनी निजामशहाच्याच परवानगीने आधी वखार घातली आणि १५२१ पासून कोट बांधायला घेतला. शेजाऱ्याचं हे बस्तान पुढे डोईजड झालं, म्हणून १५७०-७१ चा वेढा. म्हणजे वरच्या चौलच्या धन्याने खालचं चौल वेढलं, आणि ते त्याला घेता आलं नाही.

ही एक किल्ली हाती आली की बाकीचंही उलगडतं. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने वेढलं ते चौल म्हणजे रेवदंडा. वसई पडल्यावर १७४० च्या तहाने मराठ्यांना मिळालं तेही रेवदंडाच, खाडीपलीकडच्या कोर्लई किल्ल्यासकट. १५०८ ची चौलची लढाई मात्र या हिशेबात बसवू नका. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्यात मारला गेला तेव्हा कोट उभाच नव्हता, ती लढाई पाण्यावरची.

कोर्लई मात्र रेवदंड्याहून वेगळा, हे खाडीकडे नजर टाकली तरी कळतं.

‘चौल-रेवदंडा’ असं जोडून लिहायची पद्धत मला मुळीच पटत नाही. त्याने चूक झाकली जाते, सुधारत नाही. पोर्तुगीज काळाबद्दल लिहिताना सरळ ‘रेवदंडा’ लिहा आणि मूळ कागदात ‘चौल’ आहे हे एकदा सांगून टाका.

आणि कृपा करून पोर्तुगीजांचा तट शोधत चौलात हिंडू नका. तिथे सुपारीच्या वाड्यांतून रामेश्वराकडे जा. समोर मोठी पुष्करणी आहे आणि देवळात फरशीखाली झाकलेलं पर्जन्यकुंड. पाऊस लांबला की ते उघडायची जुनी प्रथा आहे.