नेताजींचा मृत्यू आणि बोस घराण्यातले दोन तट

टोकियोच्या सुगिनामी भागात रेन्कोजी नावाचे एक लहानसे बौद्ध मंदिर आहे. सप्टेंबर १९४५ पासून तिथे एक अस्थिकलश सांभाळून ठेवलेला आहे. राजेंद्रप्रसाद, जवाहरलाल नेहरू, इंदिरा गांधी, अटलबिहारी वाजपेयी या सगळ्यांनी तिथे जाऊन हात जोडले आहेत. देखभालीसाठी भारत सरकार पैसे देते, आणि १८ ऑगस्टला तिथे प्रार्थना होते. त्या कलशात आपल्या वडिलांच्याच अस्थी आहेत, असे नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या कन्या अनिता बोस फाफ मानतात. पण बोस घराण्यातल्या सगळ्यांनी ते कधीच मान्य केलेले नाही.

या विषयावर आजवर जे काही लिहिले गेले, त्यातले बरेचसे रहस्यकथेच्या थाटाचे आहे. विमान खरेच पडले का, रशियात कोण होते, फैजाबादचा साधू कोण. या गदारोळात एक गोष्ट बाजूला पडते. हे एका घरातले दुःख आहे, आणि त्या घरातली माणसे एकाच बातमीने दोन वाटांना गेली. ती तशी का गेली, हे समजायचे तर १९४५ च्या आधीपासून सुरुवात करावी लागते.

सुभाषबाबू बेपत्ता होण्याची ती पहिली वेळ नव्हतीच. १९४१ च्या जानेवारीत ते कोलकात्याच्या एल्गिन रोडवरच्या घरात नजरकैदेत होते. १६ तारखेच्या रात्री पठाणी वेशात ते बाहेर पडले. गाडी चालवत होता वीस वर्षांचा पुतण्या शिशिर. त्याने काकांना गोमोह स्टेशनापर्यंत पोचवले. बेत ठाऊक होता तो घरातल्या मोजक्या दोन-चार जणांना; आई प्रभावतीदेवींनाही त्याची कल्पना दिलेली नव्हती. बाकीच्यांना सांगितले होते की सुभाष एकांतात साधनेला बसला आहे, कोणालाही भेटणार नाही. रोजचे ताट पडद्याआडून आत जायचे आणि रिकामे होऊन बाहेर यायचे. जेवत होती पुतणेमंडळी. २६ जानेवारीला खोली रिकामी असल्याचा गवगवा झाला, तेव्हा सुभाषबाबू केव्हाच पेशावरच्या पलीकडे गेले होते. घरच्यांनी धक्का बसल्याचे सोंग इतके बेमालूम वठवले की पोलीसही चकले.

पुढच्याच वर्षी, मार्च १९४२ मध्ये, विमान अपघातात सुभाषबाबू ठार झाल्याची बातमी आली. गांधीजींनी प्रभावतीदेवींना सांत्वनाची तारही पाठवली. बातमी खोटी निघाली. सुभाषबाबू जर्मनीत सुखरूप होते.

म्हणजे ऑगस्ट १९४५ मध्ये जेव्हा ‘नेताजी गेले’ असे जपानी वृत्तसंस्थेने जाहीर केले, तेव्हा ते या घराला नवे नव्हते. एकदा नाहीसे होण्याचे नाटक घरानेच रचले होते. एकदा मरणाची खबर येऊन खोटी ठरली होती. आणि ही खबरही पुन्हा विमानाचीच! ज्यांनी विश्वास ठेवला नाही त्यांना वेडे म्हणण्याआधी एवढे तरी ध्यानात घ्यायला हवे.

अपघाताची हकिकत अशी. जपानने शरणागती जाहीर केल्यावर नेताजी सिंगापूरहून बँकॉकला आणि १७ ऑगस्टला सायगावला आले. पुढे मांचुरियाकडे आणि तिथून जमल्यास सोव्हिएत रशियात जायचा बेत होता. जपानी लष्कराच्या बाँबफेकी विमानात त्यांना स्वतःखेरीज एकच माणूस नेता येणार होता. एस. ए. अय्यर, देबनाथ दास, आबिद हसन वगैरे सहकारी मागे राहिले आणि आझाद हिंद सेनेतले कर्नल हबीबुर रहमान बरोबर गेले. त्याच विमानात जपानी जनरल शिदेई होते. रात्री व्हिएतनाममधल्या तुरानला मुक्काम झाला. १८ तारखेला दुपारी विमान तैवानमधल्या तैहोकूला, म्हणजे आजच्या तैपेईला, इंधन भरायला उतरले. पुन्हा उडाले आणि लगेच कोसळले. पेट्रोलने भिजलेले नेताजी जळत्या विमानातून बाहेर पडले. लष्करी इस्पितळात डॉ. योशिमी यांनी उपचार केले, पण त्याच रात्री त्यांचा मृत्यू झाला. दहन तैहोकूतच झाले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला अस्थी टोकियोला नेल्या गेल्या.

ही हकिकत सांगणारा एकमेव भारतीय साक्षीदार म्हणजे हबीबुर रहमान. बाकी सगळे जपानी, आणि तेही नुकतेच हरलेले, गोंधळलेले, कागदपत्रे जाळत सुटलेले. मृत चेहऱ्याचे छायाचित्र नाही. स्मशानाच्या नोंदीत बोस हे नावही नाही. तिथे इचिरो ओकुरा या जपानी सैनिकाचे नाव सापडते. अपघात मानणारे म्हणतात, जपान्यांनी गुप्ततेसाठी नाव बदलले. न मानणारे म्हणतात, दहन ओकुराचेच झाले. हबीबुर रहमान यांनी आणलेले एक जळके मनगटी घड्याळ पुढे कुटुंबाकडे आले. त्याची तबकडी चौकोनी. त्यावर घरातल्यांनीच शंका घेतली की सुभाष तर नेहमी गोल तबकडीचे घड्याळ बांधायचा. ज्यांनी त्या माणसाला रोज घरात वावरताना पाहिले होते, त्यांना सरकारी अहवालापेक्षा अशा खुणा जास्त बोलतात, आणि त्यात गैर काही नाही.

थोरले बंधू शरदचंद्र, सुभाषबाबूंचे ‘मेजदा’, तेव्हा दक्षिणेत कुन्नूरला स्थानबद्ध होते. धाकट्या भावाची बातमी त्यांनी तिथे वर्तमानपत्रात वाचली. आधी कोसळले. सुटून आल्यावर मात्र त्यांचे मन ती कबूल करेना. १९४९ मध्ये त्यांच्याच दैनिकाने नेताजी लाल चीनमध्ये असल्याचे छापले. फेब्रुवारी १९५० मध्ये शरदबाबू वारले, ते भाऊ जिवंत आहे याच समजुतीत. गांधीजींनाही सुरुवातीला सुभाष जिवंत आहे असे वाटत होते आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले. मात्र मार्च १९४६ मध्ये त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहून ते मागे घेतले आणि समोर आलेला पुरावा स्वीकारावा असे लोकांना सांगितले.

तिकडे व्हिएन्नात नेताजींच्या पत्नी एमिली शेंकल यांनी ही बातमी स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकली. अनिता तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. भारतातल्या बोस कुटुंबाची आणि या दोघींची प्रत्यक्ष भेट व्हायला १९४८ उजाडले. शरदबाबू सहकुटुंब व्हिएन्नाला गेले तेव्हा. एकाच माणसाची ही दोन घरे. एका घराला तो राष्ट्रनेता होऊन लाभला होता. दुसऱ्या घरी लहान मुलीच्या वाट्याला वडील म्हणून जवळजवळ आलाच नव्हता. पुढच्या मतभेदांत हे अंतरही आहे, असे मला वाटते.

१९५६ मध्ये नेहरू सरकारने शाहनवाझ खान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीन सदस्यांपैकी एक होते नेताजींचे थोरले बंधू सुरेशचंद्र बोस. घरचा माणूस आत असला म्हणजे निकाल सर्वांना पटेल, असा हिशेब असावा. समितीने ६७ साक्षी नोंदवल्या, जपानला आणि व्हिएतनामला गेली. पण जिथे विमान पडले त्या तैवानला गेली नाही, कारण भारताचे तैवानशी राजनैतिक संबंध नव्हते. अध्यक्ष आणि दुसरे सदस्य मैत्र यांनी अपघात खरा ठरवला. सुरेशबाबूंनी सुरुवातीला निष्कर्षांच्या मसुद्यावर सही केली, मग माघार घेऊन स्वतंत्र भिन्नमतपत्रिका लिहिली: अपघात झालाच नाही. आपल्यावर दबाव आणल्याचा आरोपही त्यांनी केला. १९६२ च्या मे महिन्यात नेहरूंनी त्यांना पत्राने कळवले की थेट आणि नेमका पुरावा देता येणार नाही, पण परिस्थितिजन्य पुरावा खात्री पटवणारा आहे. सुरेशबाबूंनी त्यातला पहिला अर्धा भाग उचलला. सरकारने दुसरा.

या टप्प्यावर घरात दोन तट स्पष्ट झाले. काकांना गाडीतून गोमोहला सोडणारे शिशिरकुमार बोस आणि त्यांच्या पत्नी कृष्णा बोस यांनी अपघात स्वीकारला. एल्गिन रोडच्या त्याच घरात त्यांनी नेताजी रिसर्च ब्यूरो उभा केला, पत्रे आणि भाषणे जमवली, संपादित केली. नेताजींच्या जगण्यावर काम करायचे, मरणावर नाही, ही त्यांची दिशा. सुरेशबाबूंची कन्या ललिता बोस मात्र १९८६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाकडे गेल्या. फैजाबादला सप्टेंबर १९८५ मध्ये वारलेल्या ‘गुमनामी बाबा’ची ट्रंकांतली चीजवस्तू जपून ठेवावी, अशी त्यांची मागणी होती. त्या सामानात बोस घराण्यातली छायाचित्रे होती. पुढे या बाबाची ओळख शोधायला नेमलेल्या सहाय आयोगाने हा साधू नेताजींचा अनुयायी असावा, नेताजी नव्हे, असे म्हटले.

मराठी वाचकाला इथे पानिपत आठवल्याशिवाय राहणार नाही. १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ गर्दीत घुसले ते पुन्हा दिसले नाहीत. धडाची आणि शिराची ओळख पटवून काशीराज पंडिताच्या देखरेखीत दहन झाल्याचे लेख आहेत. पण पुण्यात पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. त्या असेपर्यंत भाऊंचे और्ध्वदेहिक झाले नाही. आणि पुढे सुखनिधान नावाचा तोतया १७७६ मध्ये कोकणातले किल्ले घेत थेट बोरघाटाकडे सरकला, तेव्हा चांगले जाणते सरदारही त्याला मिळाले होते. त्याच वर्षी त्याला पकडून पुण्यात देहान्त शिक्षा दिली. देह नजरेसमोर नसला की अशी जागा मोकळी राहते आणि तिथे कोणीही येऊन बसू शकतो.

आपल्या धर्मशास्त्राने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. परागंदा माणसाची बारा वर्षे वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हाच पालाशविधी. इंग्रजी अमदानीतल्या पुरावा कायद्याने मुदत सात वर्षांवर आणली. मात्र सात वर्षांनी कायदा एवढेच धरून चालतो की माणूस हयात नाही. कधी गेला आणि कसा गेला, ते सिद्ध करणे दावा करणाऱ्याच्या गळ्यात पडते. सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलेले आहे. बोस घराण्याचे सगळे भांडण नेमके या उरलेल्या भागावर आहे. नेताजी आज हयात नाहीत, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. १८९७ चा जन्म.

१९७० मध्ये नेमलेल्या न्या. खोसला आयोगाने तैवान गाठले आणि १९७४ मध्ये अपघातावरच शिक्कामोर्तब केले. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत सांगितले की आधीचे दोन्ही निष्कर्ष निर्णायक मानता येणार नाहीत. १९९२ मध्ये ‘मरणोत्तर’ भारतरत्न जाहीर झाले, त्या एका शब्दावर नातेवाइकांनी आक्षेप घेतला, आणि सर्वोच्च न्यायालयात ते प्रकरण १९९७ मध्ये निकालात निघाले: पुरस्कार दिलाच गेला नाही. कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९९ मध्ये न्या. मनोजकुमार मुखर्जी आयोग आला. त्याने २००५ मध्ये उलटाच निष्कर्ष दिला: नेताजींचा मृत्यू झालेला आहे, पण विमान अपघातात नाही, आणि रेन्कोजीतल्या अस्थी त्यांच्या नव्हेत. मनमोहनसिंग सरकारने २००६ मध्ये तो फेटाळला, तोही सविस्तर कारणे न देता. तीन चौकश्या, दोन उत्तरे. मग घरातल्या माणसांनी एका सुरात बोलावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

अविश्वासाला खतपाणी घालणारी खरी गोष्ट २०१५ मध्ये उघड झाली. पश्चिम बंगाल सरकारने त्या सप्टेंबरात ६४ फायली खुल्या केल्या आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने १०० फायलींच्या प्रती. स्वतंत्र भारताच्या गुप्तचर खात्याने १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षे बोस कुटुंबावर पाळत ठेवली होती, त्यांची खासगी पत्रे फोडून वाचली होती, हे कागदोपत्री दिसले. पाळत शिशिरबाबूंवरही होती, म्हणजे अपघात मानणाऱ्यांनाही सोडलेले नव्हते. मेलेल्या माणसाच्या घरावर कोण नजर ठेवतो, हा प्रश्न शंका घेणाऱ्यांनी विचारला, आणि तो विचारण्याचा त्यांना पुरेपूर हक्क होता. पण त्याच २०१६ मध्ये जपान सरकारचा १९५६ चा चौकशी अहवालही बाहेर आला. त्यात अपघातस्थळाचे रेखाटन आहे, इस्पितळातल्या उपचारांचा तपशील आहे आणि मृत्यू तैहोकूलाच झाल्याचे म्हटले आहे. माझ्या मते पुराव्याचे पारडे त्या बाजूलाच झुकते. सरकारांनी लपवाछपवी केली, हे खरे. पण लपवाछपवीवरून विमान पडलेच नाही असे सिद्ध होत नाही.

मुखर्जी आयोगाने अस्थींची डीएनए तपासणी झाली नाही याचा दोष मंदिराच्या अनुत्साहाला दिला होता. शरदबाबूंच्या नातवंडांनी मुख्य पुजाऱ्याच्या मूळ जपानी पत्राचे नव्याने भाषांतर करून घेतले, तेव्हा त्यात तपासणीला संमती असल्याचे त्यांनी सांगितले. एका पत्राच्या भाषांतराने पंधरा-सोळा वर्षे गेली असतील, तर याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी.

घरातल्या भूमिका आता पूर्वीइतक्या घट्ट राहिलेल्या नाहीत. २०१७ मध्ये केंद्राने माहिती अधिकारात उत्तर देताना १९४५ चा अपघाती मृत्यू गृहीत धरला, तेव्हा शरदबाबूंचे नातू चंद्रकुमार बोस यांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतला होता. २०२४ मध्ये त्यांनीच पंतप्रधानांना रेन्कोजीतल्या अस्थी मायदेशी आणण्याची विनंती केली. दुसरे नातू, शिशिरबाबू आणि कृष्णा बोस यांचे पुत्र इतिहासकार सुगत बोस, आईवडिलांप्रमाणे अपघात आधीपासूनच मानत आले. अजूनही काहींचे म्हणणे आहे की आधी तपासणी, मग अस्थी. अनिताताईंचा तपासणीला विरोध नाही. उलट डीएनएने शंका घेणाऱ्यांचे समाधान व्हावे, असे त्या जाहीरपणे सांगत आल्या आहेत. त्यांचा जन्म नोव्हेंबर १९४२ चा आहे. तुलनेसाठी नेताजींच्या सर्वांत जवळच्या रक्ताचा नमुना त्यांचाच. जळालेल्या अस्थींतून डीएनए मिळेलच याची शाश्वती कोणी तज्ज्ञ देणार नाही, पण प्रयत्न करायचा तर जपान सरकारशी बोलणी भारत सरकारलाच करावी लागतील. पुतणे, पुतण्यांची मुले, संशोधक, पक्ष या सगळ्यांचे ऐकून झाले. या प्रकरणात पहिला शब्द मुलीचा असायला हवा.