वजन परत आलं, आता पुन्हा शस्त्रक्रिया? रिव्हिजन सर्जरीची पार्श्वभूमी

स्थूलतेवरच्या शस्त्रक्रियेनंतर पहिलं दीड-दोन वर्ष वजन झपाट्याने उतरतं. मग ते थांबतं, आणि पुढे बऱ्याच जणांचं हळूहळू वर सरकू लागतं. काहींचं इतकं, की पुन्हा ऑपरेशन करावं का, असा विषय घरात आणि दवाखान्यात निघतो. ही दुसरी शस्त्रक्रिया, म्हणजे रिव्हिजन सर्जरी, अलीकडची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ती पहिल्या शस्त्रक्रियेइतकीच जुनी आहे.

लहान आतड्याचा बराचसा भाग वगळायचा, म्हणजे अन्न पचलं तरी अंगी लागणार नाही, ही सुरुवातीची कल्पना. मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन आणि सहकाऱ्यांनी तिची नोंद १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी लहान आतड्याचा सुरुवातीचा तुकडा थेट मोठ्या आतड्याला जोडून पाहिला. त्यांचा अहवाल १९६३ चा. बेत असा होता की वजन हवं तेवढं उतरलं की दुसऱ्या ऑपरेशनने आतडं पूर्ववत जोडून द्यायचं. वजन उतरलंही, पण जुलाब आणि शरीरातल्या क्षारांची घसरण इतकी, की रुग्ण बेजार झाले. आतडं परत जोडलं, तर वजनही परत आलं. या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धडा तिथेच मिळाला होता: शस्त्रक्रियेने साधलेला बदल काढून घेतला की शरीर आपल्या जुन्या वजनाकडे वळतं. तो पचनी पडायला मात्र काही दशकं गेली.

त्यानंतर जोडणी थोडी बदलून केलेला आतड्याचा बायपास सत्तरच्या दशकात बराच चालला. यकृत निकामी होणं, मूतखडे, सांधेदुखी अशा तक्रारींमुळे त्यातले पुष्कळ बायपास पुढे उलटवावे लागले. नुसता उलटवला तर वजन वाढणार हे आता माहीत होतं. म्हणून सर्जन त्याच वेळी जठरावरची शस्त्रक्रियाही करून टाकू लागले.

ती जठरावरची शस्त्रक्रिया आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांची. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या स्त्रियांचं वजन वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यावरून १९६६ मध्ये त्यांनी गॅस्ट्रिक बायपास केला, म्हणजे जठराचा वरचा छोटा भाग पिशवीसारखा वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडला. पुढे जठर न कापता नुसत्या स्टेपलच्या रांगेने त्याचे दोन भाग करण्याची पद्धत आली. काही रुग्णांत ही रांग उसवली, अन्नाला जुनी वाट मोकळी झाली आणि वजन परतलं. हा सरळसरळ यांत्रिक बिघाड होता आणि त्याचा इलाजही यांत्रिकच: स्टेपलवर न विसंबता जठर कापून वेगळं करायचं.

मेसन यांनीच १९८० च्या सुमारास जठराची छोटी पिशवी करून तिच्या तोंडाशी पट्टी घालण्याची पद्धत रूढ केली. इथे घोटाळा निराळा झाला. पोळी, मांस असं घट्ट अन्न अडकायचं, उलटी व्हायची; आइस्क्रीम आणि गोड पेयं मात्र सुरळीत खाली उतरायची. साहजिकच लोक जे उतरतं ते खाऊ लागले. गोडखाऊपणाचा ठपका मात्र रुग्णांवर बसला. माझ्या मते तो अन्याय होता, कारण ऑपरेशननेच त्यांना त्या खाण्याकडे ढकललं होतं. नंतर जठराच्या वरच्या भागाभोवती बसवायचा, कमी-जास्त घट्ट करता येणारा सिलिकॉनचा बँड आला. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याला २००१ मध्ये मान्यता दिली. काही वर्षांतच बँड सरकणं, जठराच्या भिंतीत रुतणं आणि वजन परत येणं या कारणांनी तो काढून स्लीव्ह (जठराचा बराच भाग कापून त्याची निमुळती नळी करणं) किंवा बायपास करणं हे रिव्हिजन सर्जनांचं नेहमीचं काम होऊन बसलं.

स्लीव्हचा जन्म तर आणखी गमतीचा आहे. आतड्याचा बराच भाग वगळणाऱ्या ड्युओडेनल स्विच या मोठ्या शस्त्रक्रियेचा तो एक भाग. २००० च्या आसपास मिशेल गान्ये आणि इतरांनी अतिवजनदार रुग्णांसाठी ती दोन टप्प्यांत विभागली: आधी जठर निमुळतं करायचं, वजन थोडं उतरल्यावर आतड्याचं काम करायचं. काही रुग्णांना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाही आणि स्लीव्ह स्वतंत्र शस्त्रक्रिया झाली. आज जगात सर्वाधिक होणारी ही बेरियाट्रिक, म्हणजे स्थूलतेवरची, शस्त्रक्रिया मुळात अर्ध्यावर थांबवलेली आहे. स्लीव्हनंतर वजन वाढलं की सर्जन आतड्याच्या टप्प्याविषयी बोलतात त्याचं मूळ इथे आहे. छातीत जळजळ आणि आम्लपित्त फार असेल, तर ते सहसा बायपासकडे वळतात.

वजन किती परत येतं याचं ठोस चित्र स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एसओएस (स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स) या स्थूल रुग्णांच्या दीर्घ अभ्यासाने दिलं. त्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. बँडवाल्यांची घट २० वरून १४ टक्क्यांवर. म्हणजे काही वजन परत येणं हा अपवाद नाही, तोच सरासरी अनुभव आहे. शस्त्रक्रिया न झालेल्या गटाचं वजन मात्र जवळपास जागेवरच राहिलं आणि शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूही कमी झाले. दोन-चार किलो वाढताच ऑपरेशन फुकट गेलं म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहायला हवेत.

रिव्हिजनच्या या इतिहासात दोन वेगळे धागे एकमेकांत गुंतले आहेत. पहिला, बिघाड दुरुस्त करण्याचा: उसवलेले स्टेपल, सरकलेला बँड, पिशवी आणि जुन्या जठरात पडलेली वाट. दुसरा, सगळं जागच्या जागी असूनही वजन वाढलं म्हणून आतडं आणखी वगळण्याचा. हा दुसरा धागा महागात पडलेला आहे. अमेरिकी सर्जन शुगरमन यांच्या १९९७ च्या अहवालात बायपास आतड्यात खूप खालपर्यंत नेलेले रुग्ण होते. अन्न आणि पाचकरस एकत्र वाहतात तो भाग ज्यांच्यात फक्त ५० सेंटीमीटर ठेवला होता, त्यांची प्रथिनांच्या अभावी गंभीर अवस्था झाली. तो भाग १५० सेंटीमीटर ठेवल्यावर त्रास कमी झाला, संपला नाही. त्यात दुसऱ्यांदा पोट उघडलं की आत चिकटलेलं असतं, आधी शिवलेल्या जागी रक्तपुरवठा कमी असतो, टाक्यांतून गळतीचा धोका वाढतो आणि वजन पहिल्या वेळेइतकं उतरत नाही. म्हणूनच चांगला सर्जन तारीख देण्याआधी एंडोस्कोपी आणि औषध पाजून काढलेला एक्स-रे मागतो, आहाराची चौकशी करतो, वजन वाढवणारी काही औषधं चालू आहेत का ते विचारतो.

गेल्या काही वर्षांत या निर्णयाची मांडणीच बदलली. बायपासची रुंदावलेली जोडणी आता तोंडावाटे दुर्बीण घालून टाके मारून आवळता येते. भूक कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनला वजनासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेनंतर वजन पुरेसं न उतरलेल्यांना त्याच जातीचं लिराग्लुटाइड देऊन ब्रिटनमध्ये केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: २४ आठवड्यांत वजन सरासरी ८.८ टक्क्यांनी घटलं, औषध नसलेल्या गटात जेमतेम अर्धा टक्का. इंजेक्शन थांबवलं की वजन परतू लागतं, हे पेन-डीविंड यांच्या रुग्णांसारखंच. तरीही बिघाड सापडत नसेल तर आधी औषध, मग ऑपरेशन, असा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. बिघाड सापडला, किंवा जळजळीने झोप उडाली असेल, तर औषधावर वर्ष घालवण्यात फारसा अर्थ नाही.

कोणताही मार्ग घ्यायचा असला तरी पहिल्या शस्त्रक्रियेचा मूळ अहवाल हाताशी हवा: पिशवी केवढी ठेवली, आतड्याचा कोणता भाग किती सेंटीमीटर वगळला. डिस्चार्ज कार्डावर हे सहसा नसतं, ऑपरेशन नोट वेगळी मागावी लागते. ती नसेल तर ही मापं सर्जनला टेबलावरच नव्याने घ्यावी लागतात.