बहुपुटी अंडाशय लक्षणसमूह

प्रजननक्षम वयातील स्त्रियांत आढळणारा एक अंतःस्रावी विकार. व्यवहारात पीसीओएस किंवा पीसीओडी या नावांनी परिचित. अंडमोचन (अंडाशयातून अंडे बाहेर पडणे) न झाल्यामुळे येणाऱ्या वंध्यत्वाचे हे सर्वांत मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील ८ ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो व त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचे निदान झालेले नसते. अनियमित पाळी, चेहऱ्यावर राठ केस, मुरुमे ही लक्षणे सर्वपरिचित आहेत.

विकाराचे पहिले वर्णन कोणी केले, याविषयी मतभेद आहेत. इटालियन निसर्गवैज्ञानिक आंतोनियो वाल्लिस्नेरी यांनी १७२१ मध्ये एका तरुण, विवाहित, काहीशा स्थूल व अपत्यहीन शेतकरी स्त्रीची अंडाशये मोठी, उंचसखल, पांढरट व चकाकणारी असल्याचे नोंदवले. काही अभ्यासक आद्यत्वाचा मान या नोंदीला देतात. फ्रेंच वैद्य शेरो यांनी १८४४ मध्ये अंडाशयाच्या अशाच कठीण झालेल्या, पुटीमय अवस्थेचे वर्णन केले. आशार व तियेर यांनी १९२१ मध्ये दाढी येणाऱ्या स्त्रियांमधील मधुमेहाकडे लक्ष वेधले. अंडाशयाशी त्याचा संबंध मात्र बराच काळ जोडला गेला नाही. शिकागोतील अर्व्हिंग स्टाइन व मायकेल लेव्हेन्थल यांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. दोन्ही अंडाशयांचा पाचरीच्या आकाराचा भाग कापून काढल्यावर सातही जणींची पाळी सुरू झाली व दोघींना गर्भधारणा झाली. जुन्या नोंदींचे महत्त्व मान्य करूनही लक्षणसमूहाची कल्पना १९३५ पासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. रचनेतील बदल, पाळीतील बिघाड आणि उपचाराला मिळालेला प्रतिसाद ही तिन्ही सूत्रे तेथे प्रथम एकत्र आली. या शस्त्रक्रियेने अंडाशयाभोवतीच्या ऊतकांना चिकटा येऊन वंध्यत्वाचे नवेच कारण निर्माण होई, त्यामुळे ती पुढे मागे पडली.

अंडाशयात दिसणाऱ्या पुटी म्हणजे वाढ अर्ध्यावर थांबलेली पुटके, म्हणजे अंडे ज्यांत वाढते त्या सूक्ष्म पिशव्या होत. त्या गाठी नव्हेत व काढून टाकण्याचीही गरज नसते. पुटके का थांबतात, हा संशोधनाचा गाभा आहे. मेंदूतील अधोथॅलॅमस या भागातून जननग्रंथिपोषक हॉर्मोनाला चालना देणारा स्राव ठरावीक अंतराने, स्पंदांच्या रूपात येतो. अर्न्स्ट नोबिल यांच्या माकडांवरील प्रयोगांतून १९७८ च्या सुमारास या स्पंदगतीचे महत्त्व स्पष्ट झाले. स्पंद जलद असले की मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी पीतपिंडकारी हॉर्मोन म्हणजे एलएच अधिक व पुटकउद्दीपक हॉर्मोन म्हणजे एफएसएच तुलनेने कमी सोडते. एलएचमुळे पुटकाच्या बाह्य आवरणातील पेशी अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हॉर्मोन तयार करतात. त्याचे ईस्ट्रोजेनात रूपांतर करणाऱ्या आतील पेशींना एफएसएच लागते. ते अपुरे पडले की अँड्रोजेन साचते आणि कोणतेही पुटक पक्व होत नाही. अंडमोचन नाही म्हणून पीतपिंड (अंडे बाहेर पडल्यावर पुटकापासून बनणारी ग्रंथी) नाही, पीतपिंड नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. स्पंदांची गती मंद करण्याचे काम तर प्रोजेस्टेरॉनचेच. अशा रीतीने बिघाड स्वतःलाच पोसत राहतो.

या चक्राची सुरुवात मेंदूत होते, असे दीर्घकाळ मानले गेले. १९८० मध्ये बर्घेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील इन्शुलीन व अँड्रोजेन यांचा परस्परसंबंध दाखवल्यावर विचाराची दिशा बदलली. पुढे आंद्रेआ दुनाइफ यांच्या संशोधनातून इन्शुलीन-रोध (इन्शुलीनला शरीराचा मिळणारा अपुरा प्रतिसाद) हा केवळ लठ्ठपणाचा परिणाम नसल्याचे दिसले. स्नायू इन्शुलीनला दाद देत नाहीत, अंडाशय मात्र देत राहते. वाढलेले इन्शुलीन तेथे अँड्रोजेनाची निर्मिती वाढवते. यकृतात तयार होणारे, लैंगिक हॉर्मोनांना बांधून ठेवणारे प्रथिनही त्यामुळे घटते व टेस्टोस्टेरॉन या अँड्रोजेनाचा मुक्त अंश वाढतो. उपलब्ध पुराव्याचा कल मूळ दोष अँड्रोजेननिर्मितीत असून इन्शुलीन त्याला बळ देते, या मताकडे आहे. आनुवंशिक अभ्यासांत एलएच व एफएसएच यांच्या ग्राहींशी (हॉर्मोन ज्यांना जोडले जाते त्या पेशींवरील प्रथिनांशी) संबंधित जनुकस्थाने आढळली आहेत. गर्भावस्थेत अँड्रोजेन दिलेल्या मेंढ्या व माकडांच्या माद्यांत पुढे असाच विकार उद्भवतो.

निदानाचे निकष तीनदा मांडले गेले. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९० च्या परिषदेत अँड्रोजेनाचे आधिक्य व अंडमोचनातील बिघाड या दोन्ही गोष्टी आवश्यक मानल्या गेल्या. रॉटरडॅम येथे २००३ मध्ये सोनोग्राफीत दिसणारे अंडाशयाचे बहुपुटी स्वरूप हा तिसरा निकष जोडून तिन्हींपैकी कोणतेही दोन पुरेसे ठरवले. अँड्रोजेन-आधिक्याच्या अभ्यासकांच्या संस्थेने २००६ मध्ये अँड्रोजेनाची अट पुन्हा अनिवार्य केली. रॉटरडॅम निकष आज सर्वाधिक प्रचलित आहेत. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी रक्तातील एएमएच या, पुटकांतून स्रवणाऱ्या हॉर्मोनाची तपासणीही मान्य केली. किशोरवयीन मुलींत अनेक पुटके दिसणे स्वाभाविक असते, त्यामुळे केवळ सोनोग्राफीवरून त्यांच्यावर या विकाराचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे.

अपत्य हवे असल्यास अंडमोचन घडवून आणणारी औषधे देतात. क्लोमिफीन १९६० च्या दशकापासून वापरात आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के, तर क्लोमिफीन घेणाऱ्या १९.१ टक्के स्त्रियांना जिवंत अपत्य झाले. लेट्रोझोलला आता प्रथम पसंती आहे. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाचा उपयोग मुख्यतः चयापचयातील बिघाडासाठी होतो. वजन जास्त असल्यास ते थोडे घटल्यानेही काहींची पाळी नियमित होते.

अपत्य नको असलेल्या स्त्रीलाही उपचार लागतात. प्रोजेस्टेरॉनअभावी गर्भाशयाचे अस्तर दीर्घकाळ ईस्ट्रोजेनाच्या एकतर्फी प्रभावाखाली राहते व त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ठरावीक काळाने प्रोजेस्टेरॉनसदृश औषध किंवा संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या देतात. रक्तशर्करा व रक्तदाब तपासत राहणे आवश्यक असते. या स्त्रियांत नैराश्य व चिंता अधिक प्रमाणात आढळत असल्याने त्यांचीही चौकशी करावी, अशी शिफारस आहे.