टोर्नेडो येताना खिडक्या उघडाव्यात का?

अमेरिकेत ओक्लाहोमा-कॅन्ससच्या पट्ट्यात नव्याने राहायला गेलेल्याला एक सल्ला अजूनही ऐकायला मिळतो: टोर्नेडो दिसला की खिडक्या उघडा, आत-बाहेरचा दाब सारखा होईल आणि घर फुटणार नाही. हा सल्ला चुकीचा आहे, आणि घातकही.

टोर्नेडोच्या पोटात दाब कमी असतो, हे खरं. 2003 साली साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ टोर्नेडोचे अभ्यासक टिम समारास यांच्या यंत्राने 100 मिलिबारची घट नोंदवली होती. पण घर म्हणजे घट्ट झाकणाचा डबा नव्हे. दारांच्या फटी, धुराडं, पोटमाळ्याचे झरोके यांतून हवेची ये-जा चालूच असते. शिवाय टोर्नेडोचा मध्य पोचण्याआधी त्याच्या कडेचा वारा घराला भिडतो. घर मोडतो तो हा वारा.

ताशी 200 किमीचा वारा घ्या. टोर्नेडोची ताकद ईएफ-0 ते ईएफ-5 अशी सांगणाऱ्या सुधारित फुजिता श्रेणीत हा ईएफ-2, म्हणजे सर्वांत भयंकर नव्हे. तरी त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 190 किलो वजनाइतका भरतो. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार साधारण 4.9 बाय 2.1 मीटर, त्या पातळ पत्र्यावर जवळजवळ दोन टन! दार मधोमध आत वाकतं, कडेची चाकं रुळातून निसटतात, वारा आत घुसतो. आता छपराला वरचा वारा ओढतो आणि आत कोंडलेली हवा खालून रेटते. बांधकामाच्या अमेरिकी मानकात आतल्या दाबाचा गुणक बंद घरासाठी 0.18 आहे, वाऱ्याकडच्या बाजूला भगदाड पडलेल्या घरासाठी 0.55. तिप्पट. छपराचा वासा भिंतीला अनेकदा तिरक्या ठोकलेल्या दोन-तीन खिळ्यांनीच धरलेला असतो. हे खिळे सहसा तुटत नाहीत, लाकडातून उपसून येतात. छप्पर गेलं की भिंतींचा वरचा आधार जातो आणि त्या बाहेर पडतात. नंतर बघणाऱ्याला वाटतं, घर आतून फुटलं. खिडकी उघडणं म्हणजे ते भगदाड आपल्या हाताने पाडणं.

2013च्या तडाख्यानंतर ओक्लाहोमातल्या मूर शहराने 2014 मध्ये नव्या घरांसाठी ताशी 217 किमी वाऱ्याचा नियम केला, त्यात गॅरेजचं दारही आलं. जुन्या घरातही पोटमाळ्यात शिरून वासे भिंतीला पोलादी क्लिपांनी जोडता येतात. क्लिप बनवणाऱ्याने सांगितलेल्याच मापाचे खिळे वापरा आणि त्याने सांगितलेलं एकही भोक रिकामं सोडू नका.

टेकडीच्या भरवशावर तर राहूच नका. बर्नेट टेकडी कॅन्ससमधल्या टोपेका शहराला टोर्नेडोपासून वाचवते, असं लोक मानत. 8 जून 1966 रोजी टोर्नेडो त्याच टेकडीवरून शहरात शिरला.

ईएफ-4, ईएफ-5 पुढे क्लिपाही पुरत नाहीत. तिथे तळघर किंवा खास बांधलेली सुरक्षित खोली हवी. अशा खोलीच्या भिंतीवर आणि दारावर 6.8 किलोचा लाकडी वासा ताशी 161 किमी वेगाने मारून चाचणी घेतात. दार, चौकट, बिजागऱ्या, कड्या यांची चाचणी एकत्र झालेली आहे ना, हे विकत घेतानाच विचारा. नुसतं जाड पोलादी दार साध्या चौकटीत बसवलं, तर वासा दाराला भेदणार नाही, पण कडी उखडून दार सताड उघडेल.